सदर महिला कामगार

मॅडमनी चौथ्या पानावरच्या एका वाक्याभोवती पेन्सिलीनं गोल काढला, समासात 'आधार?' असं लिहिलं आणि निबंध टेबलावरून पुढे सरकवला.

या एका शब्दापायी मुलं त्यांना पाठीमागे आधारबाई म्हणत. सूर्य पूर्वेला उगवतो असं लिहिलं, तरी आधारबाई समासात हजर.

"शुक्रवारपर्यंत दुरुस्त करून दे," त्या म्हणाल्या. "नाहीतर नापास करावं लागेल. जिवावर येईल, पण करीन."

मुलीचे कान तापले. शेवटच्या वर्षाचा हा शेवटचा निबंध. हा अडकला की अख्खं वर्ष पाण्यात.

"मॅडम, हेच मी ब्लॉगवर लिहिलं होतं. सव्वातीनशे लोकांनी वाचलं. कित्येकांनी रडू आलं म्हणून कळवलं. आधार एकानंही मागितला नाही."

"ठाऊक आहे. मीही वाचलाय." मॅडमनी चष्मा काढून पुसला. "छान होता. तिथं तू आईबद्दल तुला काय वाटतं ते सांगत होतीस. ते तुझं तुझ्यापाशी, त्याला कोण आधार मागणार? इथं तू नुसते त्याचे कपडे बदललेस. 'माझी आई'च्या जागी 'सदर महिला कामगार', 'मला वाटतं'च्या जागी 'असे दिसून येते'. दिसून येते ना? मग कुठं दिसलं ते दाखव."

गोलातलं वाक्य असं होतं: 'बावीस वर्षे उघड्या हातांनी तप्त चादरी हाताळूनही सदर महिला कामगाराने कधीही तक्रार केल्याचे दिसून येत नाही.'

ब्लॉगवर ते साधं होतं. 'बावीस वर्षं माझी आई गरम चादरी ओढतेय. पण तिनं तोंडातून कधी ब्र काढला नाही.' सगळ्यात जास्त बदाम याच ओळीवर पडले होते.

मुलगी तशीच फणकाऱ्यात इस्पितळाच्या धुलाईघरात गेली. लहानपणी एकदा आली होती, त्यानंतर आजच. इस्त्रीच्या यंत्रातल्या रुळांमधून वाफाळती चादर बाहेर आली की आईनं एक टोक धरायचं, जोडीदारणीनं दुसरं. ओढायची, घडी घालायची, की पुढची हजर. दोघींच्या हातांत जाडजूड हातमोजे होते. मनगटाशी ते चिंध्यांनी बांधले होते, नाहीतर गळून पडले असते.

मुलीनं हातमोज्यांकडे पाहिलं आणि निबंधातलं 'उघड्या हातांनी' पुन्हा एकदा वाचलं.

पाच वाजता यंत्र थांबलं. आईनं एक हातमोजा सोडला, हात पुसून निबंध घेतला, डोळ्यांपासून लांब धरला.

"आधार? ही बाई म्हातारी आहे का गं? हिला कशाला हवाय आधार?"

"तसला नाही गं आई. पुरावा मागतायत. तू कधी तक्रार केली नाहीस, कशावरून? तू फक्त 'नाही केली' म्हण. मी मुलाखत म्हणून आजची तारीख टाकते."

जोडीदारीण घडी घातलेल्या चादरीत तोंड खुपसून हसायला लागली.

"हिनं? अगं, अख्खं इस्पितळ हिला अर्जवाली म्हणतं!"

"तू गप गं," आई म्हणाली. पण उठली आणि पत्र्याच्या कपाटातून एक फाइल घेऊन आली.

वरच तीन अर्ज होते, तिन्हींवर पोचेचे शिक्के. 'विषय: हातमोजे मिळणेबाबत.' खाली कुणाचा हात कधी भाजला, त्याची तारीख, वार, किती फोड आले, किती दिवस रजा पडली, शेजारी साक्षीदारणीची सही. आधारबाईंना पेन्सिल टेकवायला कुठं जागाच नव्हती.

मुलगी बाकावर बसली.

"ब्लॉग वाचलास तेव्हा बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? एवढं गोड लिहिलं होतंस. शेजारणी डोळे पुसत घरी येऊन गेल्या. म्हटलं, लेकीला मी गरीब गाय दिसते, तर दिसू दे."

"वाईट वाटलं?"

"वाटलं थोडं." आईनं दुसऱ्या हातमोज्याची गाठ सोडली. "एकेका अर्जाला आठ-आठ दिवस लागले होते. तुझ्याच वहीच्या मागच्या पानांवर कच्चे लिहायचे."

मुलीला फार लाज वाटली. त्या वह्या तिनं कधीच रद्दीत घातल्या होत्या. तिनं पेन काढलं आणि गोलातलं वाक्य सबंध खोडलं. मग तिन्ही अर्जांच्या तारखा उतरवून घेतल्या. निबंधाच्या शेवटी, संदर्भांच्या यादीत सगळ्यात वर, तिनं आईचं नाव लिहिलं. आडनाव आधी, तिथल्या रीतीप्रमाणे.

आईनं ते दोनदा वाचलं.

"हे कॉलेजात कोण वाचणार?"

"मॅडम."

"एकट्याच?"

"हो."

"आणि ते तुझं दुसरं, बदामवालं? सव्वातीनशेंनी वाचलं, मागे म्हणाली होतीस ना?"

"हो गं."

आईनं फाइलच्या तळातून चौथा कागद काढला. 'विषय: बायकांच्या मापाचे हातमोजे मिळणेबाबत.' पोचेच्या शिक्क्याला अकरा महिने झाले होते.

"मग हा तिकडे घाल," ती म्हणाली. "तारखेसकट."