बारा ग्लासांची बाटली

कोकिळाबाई विकास सोसायटीच्या चेअरमन झाल्या, तेव्हा गावानं आधी त्यांच्या नवऱ्याला हार घातला. आता याला काय म्हणावं! हे तोतारामआप्पा पूर्वी पुष्कळ वर्षं सोसायटीचे संचालक होते. धरणगावजवळच्या त्यांच्या मळ्यात दर हिवाळ्यात संचालकांची भरीत पार्टी व्हायची. वांगी भाजायची कोकिळाबाईंनी, भाकरी थापायच्या कोकिळाबाईंनी, आणि बाहेरचं हसणं ऐकायचं ते चुलीपाशी बसून.

यंदाची पार्टी मात्र त्यांच्या नावाची होती. मुलगा स्वप्नील नाशिककडे वाइनच्या कंपनीत कामाला, तो सकाळीच फेसाळत्या वाइनची एक दांडगी बाटली काखेत मारून उतरला.

"आई, ही तुझ्यासाठी. पहिला ग्लास तुझा."

कोकिळाबाईंनी असल्या कशाला जन्मात तोंड लावलं नव्हतं. पण हिची चव घ्यायचीच, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. घरात आजवर जे आलं ते आप्पांच्या नावानं आलं, नाहीतर पोरांच्या. ही एक वस्तू त्यांच्या नावानं आली होती.

"केवढी शे रे ही!"

"मॅग्नम म्हणतात हिला. दीड लिटर." स्वप्नीलला विषय मिळाला. खरी शॅम्पेन फ्रान्सच्या एकाच मुलखातली, ही आपली नाशिकची, पण बाटल्यांची मापं तीच. नेहमीची बाटली पाऊण लिटरची, तिच्यात सहा ग्लास. मॅग्नम तिच्या दुप्पट, म्हणजे बारा. त्याहून मोठी तीन लिटरची, चोवीस ग्लासांची. "आणि सगळ्यात छोटी एवढीशी असते, वीतभर. एका माणसापुरती."

"एकटा मानूस बाटली फोडस?" कोकिळाबाईंना हसू आवरेना. "आनि पाव्हना उना तर?"

"आज आपण नऊ जण. बारा ग्लास होतील, तीन उरतीलच. फक्त एक सांगतो, ग्लास अर्धाच भरायचा. पूर्ण भरला की हिशोब बोंबलला."

दुपारी भरीत झालं. पाच संचालक आले, सोसायटीचे सेक्रेटरी आले, बाजेवर आणि खुर्च्यांवर ऐसपैस बसले. बाटली विहिरीच्या पाण्यात सोडून गार केली होती. स्वप्नीलनं बूच अलगद काढलं आणि सरबताच्या ग्लासात थोडी थोडी ओतायला सुरुवात केली. पहिला ग्लास त्यानं आईकडे धरला.

"आधी पाव्हने," कोकिळाबाई म्हणाल्या. सवय, दुसरं काय! तो ग्लास त्यांनी उपाध्यक्ष प्रेमराजभाऊंच्या हातात दिला. प्रेमराजभाऊंनी ग्लासाकडे पाहिलं, मग बाटलीकडे पाहिलं.

तेवढं पुरे होतं. कोकिळाबाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पाहुण्याच्या हातात अर्धा ग्लास? उद्या गावभर होईल, चेअरमनबाईंचा हात आखडता आहे म्हणून.

"दे इकडे ती," त्यांनी स्वप्नीलच्या हातातून बाटली घेतली. "अर्धा गिलास कोन देस रे पाव्हनाले?"

"आई, अगं..."

पण वाढपी हात एकदा सुटला की सुटला. प्रेमराजभाऊंचा ग्लास काठोकाठ झाला, फेस त्यांच्या मनगटावरून खाली गेला. "बस बस, वहिनी!" "असं कसं बस? घ्या की!" निम्मा फेस शेणानं सारवलेल्या अंगणानं प्याला. सहा पाहुणे झाले, मग आप्पा, त्यांनाही काठोकाठ. त्यांच्या ग्लासावर बाटली पार उलटी धरावी लागली.

स्वप्नीलनं रिकामी बाटली हलवून पाहिली. "आई, तुझा?"

"मी घिदी मांघेच, चुल्हाजोडे," चुलीपाशी आधीच घेतल्याचं कोकिळाबाईंनी चटकन सांगून टाकलं आणि पदराला हात पुसले.

पाहुण्यांनी एकेक घोट घेतला. बाईंच्या देखत तोंड कोण वाकडं करणार? "मस्त," एकजण म्हणाला. "झकास," दुसरा म्हणाला. आणि ग्लास हळूच खुर्चीखाली ठेवले गेले.

सेक्रेटरी चंदन पाटील भला माणूस. त्याला वाटलं, आज बाईंचा दिवस, बाईंना कोणी काही विचारलंच नाही. "चेअरमनबाई, तुम्हाला कशी लागली?"

सगळ्यांनी माना वळवल्या. कोकिळाबाई ताठ उभ्या राहिल्या.

"गोड," त्या म्हणाल्या. "उसाच्या रसासारखी."

बाटलीत साखरेचा कणही नव्हता. चिंचेच्या पाण्यात मोसंबीची साल पिळावी तशी ती आंबट-कडवट होती, आणि हे अंगणात बसलेल्या प्रत्येक पुरुषाच्या जिभेवर अजून होतं. चंदन पाटलानं मान खाली घातली. आप्पा आपल्या ग्लासाकडे पाहू लागले. कोकिळाबाईंनी त्या तोंडांकडे पाहिलं आणि त्यांना कळायचं ते कळलं. लाजेनं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाहुणे लवकर उठले. खुर्च्यांखाली ग्लास जवळजवळ भरलेले राहिले. आप्पांनी आपला उचलून बायकोपुढे धरला. "घे. एकच घोट घेतलाय मी."

कोकिळाबाईंनी तो घेतला, बाकीचेही गोळा केले आणि एकेक करून शेवग्याच्या बुंध्याशी रिकामे केले. आप्पांना वाईट वाटलं, ते त्यांना दिसलं. तरी त्या थांबल्या नाहीत.

"उष्टं लई खादं," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी स्वप्नील निघाला. त्यानं वाकून नमस्कार केला, तेव्हा त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"आते येशी तव्हय ती न्हानी बाटली आनजो," त्या म्हणाल्या. "एक मानूसनी."