शनिवारी पेटणारा दिवा

मी बोलतोय, म्हणजे पेटतोय. मला बोलता येतं ते एवढंच. एका जुन्या, पिवळ्या, दोनच माणसांच्या स्पोर्ट्स कारच्या डॅशबोर्डवरचा मी तांबडा दिवा. रेडिएटरमधलं पाणी कमी झालं की पेटायचं, एवढं एकच काम घेऊन जन्माला आलो. लाल दिव्याची गाडी म्हटलं की लोकांना मंत्री आठवतात. मी तुरीच्या डाळीएवढा, आणि मला पाहून आजवर कुणी सलाम ठोकलेला नाही. कपाळाला हात मात्र पुष्कळांनी लावला.

जन्म परदेशातल्या कारखान्यात. एका बाईनं टेबलावर मला एकदा पेटवून पाहिलं, मान डोलावली आणि पुढचा दिवा उचलला. तेव्हापासून शिरस्ता तोच: चावी फिरली की दोन सेकंद पेटून हजेरी द्यायची आणि विझून गप्प बसायचं. बाकीचे दिवे पेटण्यासाठी असतात, मी विझून राहण्यासाठी आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा घोळ हे न कळल्यामुळेच झाला.

पहिला मालक वाशीतला एक साहेब. तो गाडी रविवारी पुसायचा आणि पुन्हा झाकून ठेवायचा. त्याची बदली परदेशात झाली आणि गाडी करावे गावातल्या नामानं घेतली. नामा म्हणजे तरुणपणी मिठागरावर राबलेला आणि उतारवयात स्वतःच्या इमारतीत भाडेकरू ठेवून राहणारा आगरी गडी. गाडी घरी आली तेव्हा आळीतली सगळी माणसं भोवती जमली. बसताना माणसाला आधी वाकावं लागतं आणि मग चक्क पडावं लागतं, हे पाहून त्याची बायको पुतळा म्हणाली, "गाडी हाय का पाटा? यात बसाचं का निजाचं?"

पण बसली. आणि पुढे दर बुधवारी बसत राहिली. कारण नामानं त्या गाडीला एकच काम लावलं: बुधवारी सकाळी खाडीकाठच्या दिवाळे गावाला जाऊन मासळी आणायची. वेगाच्या काट्याखाली ताशी अडीचशेचा आकडा लिहिलेली गाडी, आणि आत पुतळाच्या मांडीवर कोळंबीची पिशवी. परदेशातल्या त्या बाईला कळलं असतं तर तिनं मला पेटवलंच नसतं. पण खरं सांगतो, माझे सुखाचे दिवस तेच. नामा पाणी स्वतः बघायचा, तेल स्वतः बघायचा, आणि दर शनिवारी पुढच्या बंपरखालच्या हुकाला लिंबू, सात मिरच्या आणि बिब्बा बांधायचा. मला पेटायची वेळच आली नाही.

दोन वर्षांपूर्वी नामा गेला. गाडी मुलाकडे, केतनकडे आली. केतन सीवूड्सच्या एका ऑफिसात कामाला. त्याला गाडी आवडायची, पण तिच्याकडे बघायला वेळ नव्हता; बुधवारी ऑफिसच्या आधी आईला मासळीला तेवढं न्यायचा. एकदा सोसायटीच्या गतिरोधकावर गाडी पोटावर घासली आणि बंपरखालचा हुक तुटून पडला. केतनला पत्ताही नाही. पुतळाला मात्र शनिवारी कळलं. लिंबू हातात, बांधायला जागा नाही. ती गुडघ्यावर बसली, हात आत घातला, बोटांना एक छान वायर लागली. तिथंच तिनं लिंबाची तार गुंडाळली, नीट पीळ देऊन. वर नमस्कार केला.

ती वायर माझी होती. रेडिएटरच्या तळाशी पाणी मोजणारा सेन्सर बसवलेला आहे, त्याच्या प्लगातून ती माझ्यापर्यंत येते. प्लगावरचं रबर म्हातारं होऊन फाटलेलं. ताज्या लिंबाचा रस तारेवरून ओघळला, थेट प्लगात गेला, आतली टोकं जोडली गेली, आणि मी भर शनिवारी, पाणी काठोकाठ भरलेलं असताना, भडकून पेटलो. मंगळवारपर्यंत लिंबू सुकलं, रस वाळला, मी विझलो. पुढच्या शनिवारी नवं लिंबू, नवा मी.

आता माझी पंचाईत बघा. मला कारण ठाऊक. पण माझ्याजवळ शब्द एकच, आणि तोही खोटा पडत होता.

केतन तुर्भ्याला सुभाष इलेक्ट्रिशियनकडे गेला. सुभाषनं पाणी पाहिलं, भरलेलं. "सेन्सर गेला," म्हणाला. चोर सोडून संन्याशाला फाशी. चांगला सेन्सर काढून नवा बसवला. त्यासाठी लिंबू सोडावंच लागलं. मला वाटलं, सुटलो बाबा. पण काम झाल्यावर त्यानं ते लिंबू उचललं, कपाळाला लावलं आणि होतं त्याच जागी, त्याच पिळानं परत बांधलं. देवाधर्माची वस्तू, इकडची तिकडे कशी करायची? त्याच्या स्वतःच्या गॅरेजच्या दारावर तसंच एक लटकत होतं. मंगळवारी मी विझलो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ. सुभाष म्हणाला, "बोललो होतो ना, सेन्सरच होता."

शनिवारी मी पुन्हा हजर.

मग एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी गेली. तिथं केतनला कॉफी मिळाली. पांढऱ्या शर्टातल्या मुलानं अख्खा डॅशबोर्ड उघडून माझ्या पाठीमागच्या सगळ्या तारा हलवून पाहिल्या. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. शेवटी म्हणाला, "ओल्ड मॉडेल आहे सर. इग्नोर करा." हा शब्द माझ्या तोंडावर उच्चारला, याचं मला जास्त लागलं.

घरी पुतळाची काळजी वाढली. गाडीत लाल डोळा उघडतो म्हणजे दृष्ट लागली, हे तिच्या मनानं घेतलं. ती रोज केतन निघताना वाकून मला बघू लागली, आणि लिंबं मोठी आणू लागली. रसाळ. त्या महिन्यात मी मंगळवारची रात्र होईपर्यंत पेटलेला असायचो. ओरडावं की रडावं ते कळेना, आणि दोन्ही येत नाही.

एका शनिवारी केतनचा संयम संपला. "दिवाळीच्या आधी विकून टाकतो. पनवेलचा एक जण येतोय बघायला, उद्याचा सोडून पुढच्या रविवारी."

पुतळा म्हणाली, "मंग बुधवारी मी दिवाल्याला कशी जाव?"

"रिक्षा आहे ना आये. टेन्शन कशाला घेते?"

"रिक्षान तुजा बापूस बसलेला नसतो."

केतननं खाली येऊन काळी चिकटपट्टी काढली आणि माझ्यावर चिकटवली. गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून. चार दशकांच्या वाटेवर असलेल्या इमानी नोकराच्या तोंडात बोळा. मी आत पेटलेलाच होतो.

मंगळवारी रात्रीपर्यंत रस वाळला, मी विझलो. आणि बुधवारी सकाळी, गाडी करावे सोडून पाम बीच रस्त्याला लागली तेव्हा, इंजिनाखालची पाण्याची रबरी नळी खरोखरच चिरली. पाणी रस्त्यावर सांडू लागलं. माझ्या शेजारचा तापमानाचा काटा, तो शेजारी कसला, कित्येक वर्षं मध्यावर अडकून झोपलेला आहे. त्यामुळे सांगणारा मी एकटा. जन्मात पहिल्यांदा खरं बोलायची वेळ आली आणि तोंडावर पट्टी. आणखी पाच मिनिटं तसंच गेलं असतं तर इंजिन जळून जाम झालं असतं, आणि गाडी भंगारात गेली असती.

मी जीव खाऊन पेटलो. उन्हानं पट्टीची एक कड सुटली होती, तेवढ्या फटीतून. केतनला बसल्या जागेवरून ते दिसत नव्हतं. पुतळाला दिसलं.

"केतन, आज कंचा वार?"

"बुधवार. का?"

"मंग हा आज कसा पेटला? हा शनवारी येतो, मंगलवारला जातो. कवाच चुकला नाय. आज विझून परत आला. गाडी थांबव."

"आये, तो खराब आहे—"

"थांबव सांगते ना."

त्यानं थांबवली. बॉनेटखालून वाफ येत होती. दोन गॅरेजं हिंडूनही जे कुणी पाहिलं नव्हतं ते पुतळानं पाहिलं होतं. सगळ्यांनी इंजिन पाहिलं, सेन्सर पाहिला, तारा पाहिल्या. माझ्याकडे, मी कधी पेटतो आणि कधी विझतो याकडे, तिनं एकटीनं लक्ष ठेवलं होतं.

केतननं रबाळ्याच्या हौसेरावांना फोन केला. हे साताऱ्याकडचे म्हातारे मिस्त्री, उभा जन्म ट्रकांची रेडिएटरं सांधण्यात गेलेला. स्कूटरवरून आले, रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून गाडीखाली शिरले. आतूनच म्हणाले, "नळी चिरलीया. वेळेत थांबला, न्हायतर इंजिन गेलं हुतं." त्यांची बोटं माझ्या वायरीवरून फिरली. मग, "आन् ह्ये लिंबू हितं कुणी बांधलं?"

"मी," पुतळा म्हणाली. "दर शनवारी बांधते."

"आन् दिवा कवा लागतो?"

केतननं आईकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "शनिवारी."

हौसेराव बाहेर आले. मिशीत हसले, पण पुतळाचा चेहरा पाहून हसू आवरलं. ती म्हणत होती, "म्हंजे मीच लावीत होते? केतनचा बापूस बांधायचा म्हनून मी बांधला. त्याची गाडी मीच विकाया लावली असती."

केतनला रागवायचं होतं, मला दिसत होतं. तीन महिने फुकट गेले होते. पण तो आईशेजारी फूटपाथवर बसला. "तू नसतीस तर आज गाडीच गेली असती, आये," म्हणाला. मग उठून त्यानं आत वाकून माझ्यावरची पट्टी ओढली. थोडी काचेला चिकटून राहिली, ती नखानं खरवडली.

हौसेरावांनी नवी नळी घातली, प्लगाला नवं रबर चढवलं आणि बंपरखाली जाड तारेचा एक हुक वळवून दिला. "मावशी, लिंबू हितं. त्या वायरीला हात लावायचा न्हाय." पनवेलच्या माणसाला केतननं फोन करून सांगितलं, गाडी विकायची नाही, आईला बुधवारी लागते.

आता मी विझलेला असतो. शनिवारी लिंबू बांधून झालं की पुतळा गुडघे धरत उठते, दारापाशी येते, केतनला चावी फिरवायला सांगते आणि वाकून माझ्याकडे बघते. मी दोन सेकंद पेटतो, विझतो. "बरा हाय," ती म्हणते आणि घरात जाते.

माझं वय झालं. एक दिवस मी चावी फिरवल्यावरही पेटणार नाही, तेव्हा मला बदला, माझी हरकत नाही. तोवर मागणं एकच आहे. कारण शोधून मला विझवा, पण झाकू नका.