चार ताऱ्यांचा कागद

मित्रांनो, मी एक जुना कागद आहे. मुकुंदवाडीच्या नागरी सुविधा भवनात भिंतीवर टांगलेला. एखादी इमारत किती वीज खाते हे माझ्यासारख्या कागदावर लिहिलेले असते. जितकी कमी खाईल, तितके तारे जास्त. माझ्यावर चार तारे आहेत.

माझा जन्म सहज झाला नाही. प्रेरणा मॅडम नावाच्या अभियंता तीन दिवस या इमारतीत फिरल्या. त्यांनी वर्षभराची बिले चाळली, टेप धरून खोल्या मोजल्या, खिडक्या मोजल्या. तेव्हा इथे समोरासमोर खिडक्या होत्या आणि बाहेर कडुलिंब होता. भर उन्हाळ्यातही पंख्यावर भागत असे. म्हणून मला चार तारे मिळाले. मग मला काचेच्या चौकटीत घातले आणि मागून पुठ्ठा लावून खिळे ठोकले. वाटले, ही काच माझ्या मानासाठी आहे. आतून आवाज बाहेर जात नाही, हे पुढे कळले.

बद्रीनाथ नावाचा शिपाई मला दर शनिवारी पुसत असे. खंडेनवमीला कार्यालयात संगणकाची, झेरॉक्सच्या यंत्राची, जीपची पूजा होते. पहिल्याच वर्षी त्याने मलाही झेंडूचा हार घातला आणि काचेच्या खालच्या कोपऱ्यात कुंकवाचे बोट ओढले. कुंकू पुसायचे कसे, म्हणून तो कोपरा सोडून तो बाकीची काच पुसू लागला. दर वर्षी त्याच जागी नवे बोट. नेमकी तिथेच माझी मुदत लिहिलेली होती.

पाच वर्षे गेली. नवे साहेब आले. इमारतीला दर्शनी बाजूने निळी काच चढली, कडुलिंब कापला गेला, खिडक्या स्क्रूने बंद झाल्या आणि एसी बसले. वीज दुपटीने जाऊ लागली. माझे तारे गळून पडायला हवे होते. पण छापलेली शाई जागची हलत नाही. मी रोज खोटे बोलत होतो आणि मला गप्प करणारे कुणी नव्हते.

माझ्या समोरच जुन्या नोंदवह्यांची खोली आहे. तिथे एजन्सीमार्फत लागलेली कडूबाई काम करते. कुणी जन्माचा दाखला मागायला आले की ती वही काढून देते. त्या खोलीला एसी मिळाला नाही, होती ती एक खिडकी मात्र गेली.

एप्रिलमध्ये ती साहेबांना म्हणाली, "साहेब, तेवढी एक खिडकी उघडा. भट्टीवानी व्हतंय आत. दोनदा घेरी आली मला."

"खिडकी उघडली की गरम हवा आत येते, एसी जास्त चालतो. आपले तारे जातील, कडूबाई. हे बघा." साहेबांनी माझ्यावर बोट ठेवले. "पुन्हा घेरी आली तर एजन्सीला सांगून दुसरी बाई मागवावी लागेल. तुमच्याच जिवासाठी म्हणतो."

मित्रांनो, ते तारे उघड्या खिडक्यांचेच होते. मी काचेमागे नुसता टांगलेला राहिलो.

साहेब गेल्यावर बद्रीनाथ हळूच म्हणाला, "ताई, आपले साहेब भर दुपारी तारे दाखवतेत."

"मला तर आत बसल्या बसल्या दिसतेत की, डोळ्यापुढं," कडूबाई म्हणाली. दोघे हसले, मग पदराने मान पुसत ती पुन्हा वह्यांच्या खोलीत गेली. नवरा गेल्यापासून तिच्या घरात तेवढाच एक पगार येत होता.

मे महिन्यात ती दारातच खाली बसली. बद्रीनाथने तिला माझ्याखालच्या स्टुलावर बसवले, पाणी दिले.

"साहेबाला सांगू नको, बद्रीभाऊ."

"नाय सांगत. बस जरा."

बसल्या बसल्या तिची नजर माझ्यावर गेली. कडूबाई प्रौढांच्या वर्गात उशिरा वाचायला शिकली होती. त्यामुळे कोणताही कागद ती शेवटपर्यंत वाचत असे. भिंतीला धरून ती उठली आणि ताऱ्यांखालच्या बारीक ओळींवरून बोट फिरवू लागली.

"बद्रीभाऊ, हितं लिहिलंय बघ. उघड्या खिडक्या, खेळती हवा, म्हणून वीज कमी. आन् खाली मुदत म्हणून हाय, फुडं कुंकू."

"मीच लावलंय ते."

"मग पूस की."

"कुंकू कसं पुसू, ताई?"

"मी पुसलं तर लोक म्हणतील, हिला काय त्याचं. तुझं तूच पूस."

बद्रीनाथने रुमाल ओला करून आणला. मग त्याने काचेला हात लावून कपाळाला लावला आणि ओल्या रुमालाने तो कोपरा घासला. माझी मुदत दोन वर्षांपूर्वी संपलेली होती.

त्याने साहेबांना बोलावून आणले. साहेबांनी सगळ्या ओळी वाचल्या, पुन्हा वाचल्या. "दोन वर्षं हे कुणालाच दिसलं नाही?"

"तुमचं बोट रोज वरच्या ताऱ्यांवर असायचं, साहेब," बद्रीनाथ म्हणाला.

साहेब ओशाळले. "स्क्रू ड्रायव्हर आणा," एवढेच म्हणाले. त्याच दुपारी खिडकी उघडली. कडूबाईच्या टेबलावरच्या वहीची पाने फडफडली आणि ती दोन्ही हात वहीवर ठेवून नुसती वाऱ्याकडे तोंड करून बसली.

पुढच्या महिन्यात प्रेरणा मॅडम पुन्हा आल्या. पुन्हा सगळे मोजले. इमारतीला दोन तारे मिळाले. दोनच, पण खरे.

बद्रीनाथने माझे खिळे उपसले. सात वर्षांनी मला वारा लागला. वाटले, सुटलो.

"जुन्याचं काय करू, साहेब?"

"राहू द्या मागंच. नवा कागद ताठ बसेल."

आता मी नव्या कागदाच्या पाठीला चिकटून अंधारात आहे. मला दिसत काही नाही. कडूबाई सकाळी खिडकीची कडी काढते, तो आवाज तेवढा येतो. मित्रांनो, भिंतीवरच्या कागदाला मान द्या, पण तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचा आणि वेळ झाली की पुन्हा मोजा. माझ्या पुढच्या या कागदालाही मुदत आहे. ती संपेल तेव्हा त्यालाही ओरडता येणार नाही.