देखण्या चाकूची एकमेव कामगिरी

मित्रांनो, मी एक चाकू आहे. जुना म्हणा हवं तर, पण माझ्याकडे पाहून तसं कुणी म्हणणार नाही. इतकी वर्षं झाली, तरी माझ्या पात्यावर एक ओरखडा नाही. ओरखडा पडायला आधी काहीतरी कापावं लागतं आणि त्या भानगडीत मी पडत नाही.

आधी माझं रूप ऐका. पातं मधल्या बोटाएवढं, पण त्यावर जांभळा, निळा आणि सोनेरी असे रंग एकातून एक उतरत गेलेले. डबक्यात डिझेल सांडलं की जसे दिसतात तसे. पात्याच्या पाठीवर दात, मधोमध भोकं. मुठीच्या टोकाला गाडीची काच फोडायचा खिळा, शेजारी बोट अडकवायची कडी, कडीजवळ सीटबेल्ट कापायचा आकडा. कळ दाबली की पातं खटकन बाहेर येतं. माझ्या खोक्यावर हेलिकॉप्टरमधून दोरीला लोंबकळणाऱ्या सैनिकाचं चित्र होतं. तो सैनिक मला कधी भेटला नाही. भेटला असता तर दोर सोडून आधी मला बघत बसला असता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात यंत्रावर झाला. तिथून जहाजाने, ट्रकने आणि शेवटी कुरिअरवाल्याच्या पिशवीतून मी संगमनेरला आलो. जीशान नावाच्या माणसाचं तिथे मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने मला काउंटरच्या काचेखाली ठेवलं. गिऱ्हाईक चार्जर घ्यायला येई आणि चार्जर विसरून मला बघत राही. "हे कशाला लागतं हो?" असं कुणी विचारलं, की जीशान म्हणे, "पार्सल फोडायला." पार्सल मात्र तो कंपासपेटीतल्या ब्लेडने फोडायचा. मला त्याचं वाईट वाटलं नाही. पुठ्ठा फाडणं हे माझ्यासारख्याचं काम आहे का?

जीशान एकटा नव्हता. असल्या चाकूंच्या शौकिनांचा मोबाईलवर एक ग्रुप होता. श्रीगोंद्याचा एकजण दातेरी सुरा ट्रॅक्टरच्या सीटखाली ठेवायचा, म्हणे साप निघाला तर. दुसऱ्याने नारळासाठी म्हणून खंजीर घेतला होता आणि नारळ दगडावर आपटून फोडायचा. सगळे एकमेकांना फोटो पाठवत, 'कामाला येतो भाऊ' असं खाली लिहीत आणि घरच्यांना कळू देत नसत. आवड होती, पण तिची लाजही वाटायची.

त्या ग्रुपवर माझा फोटो आला आणि मिरजगावच्या आदिनाथची झोप उडाली. घरी ग्राइंडरचा दगड आणायला जातो असं सांगून तो एसटीने थेट संगमनेरला आला. त्याने मला उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे हसू होतं, तसं त्याच्या लग्नाच्या फोटोतही नाही. हे मी नाही म्हणत, त्याची बायको अश्विनी म्हणते.

आता गंमत बघा. हा आदिनाथ कुणी साहेब नव्हता. तो कोयते बनवणाऱ्या कारभारी नावाच्या लोहाराचा मुलगा. कारभारींना घरात आणि गावात आबा म्हणत, सून मात्र मामा म्हणे. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यापासून आबा ऊसतोडीचा कोयता घडवत. काळाकुट्ट, रंग नाही, नक्षी नाही. पण हंगामभर उसाच्या फडात चालला तरी त्याची मूठ हलायची नाही. कर्जत तालुक्यातून श्रीगोंद्याच्या साखर कारखान्यांकडे निघणाऱ्या टोळ्या आधी आबांच्या दारी थांबत. आबा नेहमी म्हणत, "लोखंडानं काम करावं, न्हाईतर भट्टीत जावं." अशा माणसाच्या घरात मी आलो होतो. म्हणून आदिनाथने मला वेल्डिंगच्या रॉडच्या रिकाम्या डब्यात लपवलं.

डब्यात माझ्या आधीचे दोघे होते. एक वटवाघळाच्या आकाराचा, दुसऱ्याच्या मुठीवर कवटी. दिसायला बरे होते. माझ्यापुढे काही नाहीत, पण बरे.

अश्विनीला मात्र सगळं ठाऊक होतं. एकदा विळी सापडेना म्हणून तिने मला टोमॅटो कापायला घेतलं. टोमॅटोच्या बिया माझ्या भोकांतून तिच्या पदरावर उडाल्या आणि गर दातांत अडकला. ती हसत सुटली. आदिनाथला म्हणाली, "अहो, ह्याला शाळंत तरी घाला. घरकामाचा काय उपेग न्हाई ह्याचा." आदिनाथ मला जुन्या टूथब्रशने घासत बसला आणि मी मान ताठ ठेवून घासून घेतलं. राजांना न्हाऊ घालायला माणसं असतातच.

असे माझे सुखाचे दिवस चालले होते. दुपारी आबा जेवून आडवे झाले की आदिनाथ डबा उघडी. मला उन्हात धरी, रंग फिरवून बघी. कौतुक करणारा हा एकच माणूस होता, पण पोटभर करायचा.

मग ती दुपार आली. हंगाम तोंडावर होता. नवे कोयते मुठी बसवून भिंतीशी रचलेले होते. आदिनाथने मोबाईलवर कुठल्या तरी पोराचा व्हिडिओ पाहिला होता. कडीत बोट घालून चाकू गरकन फिरवायचा आणि फिरता फिरता उघडायचा. त्याने मला तसं फिरवलं. मी फिरलो, उघडलो आणि त्याच्या अंगठ्यात खोलवर शिरलो.

खरं सांगतो, पहिल्यांदा माझी छाती फुगली. मला धार आहे! मी कापू शकतो! रक्त बघून आदिनाथ पांढरा पडला. आत आबांची चाहूल लागली, तसं त्याने मला खिशात कोंबलं आणि समोरचा कोयता हातात घेतला.

"काय झालं रं?" आबांनी विचारलं.

"कोयत्याची मूठ निसटली, आबा. पातं अंगठ्यावर आलं."

मित्रांनो, माझा संताप झाला. आयुष्यात मी एक गोष्ट कापली आणि तिचं श्रेय गेलं एका काळ्या कोयत्याला! खिशात मी नुसता धुसफुसत होतो.

पण आबांचा चेहरा पाहिला नव्हता तोवर. त्यांनी आधी मुलाच्या अंगठ्याला हळद लावली, फडकं बांधलं, दवाखान्यात धाडलं. निघताना आदिनाथने मला गुपचूप डब्यात टाकलं, पण झाकण नीट लावायचं राहिलं. नंतर तो कोयता उचलून हलवला. मूठ घट्ट होती. मुलगा खोटं बोलेल असं त्यांच्या मनातही आलं नाही. त्यांनी स्वतःवरच शंका घेतली. मूठ ठोकून काढली, पुन्हा बसवली, पुन्हा काढली. मग भिंतीशी रचलेल्या सगळ्या कोयत्यांच्या मुठी काढायला बसले. त्या दिवसापासून आबांचा हात ऐरणीवर पडण्याआधी अडखळू लागला. घाव घालायचा आणि थांबून बघायचं, पुन्हा घालायचा आणि पुन्हा थांबायचं.

छबूबाई त्यांची जुनी गिऱ्हाईक. तिची टोळी दरवर्षी आबांचेच कोयते घेऊन निघायची. ती आली तेव्हा कोयते मुठींवाचून जमिनीवर पडले होते.

"भाऊ, आमचं कोयतं कुठायत?"

"यंदा दुसरीकडून घे, छबूबाई. माझ्या हातात आता राम ऱ्हायला न्हाई. माझ्याच लेकाचा अंगठा कापला. तुज्या टोळीतल्या लेकीबाळींची बोटं कापली तर मी कुनाला तोंड दावू?"

"काय बोलता, भाऊ? तुमचा कोयता नसला तर माझा हात चालत न्हाई."

"मग माझ्यापेक्षा चांगला लोहार बघ," एवढंच बोलून आबा आत गेले. छबूबाई दारात उभी राहून आदिनाथकडे बघत राहिली. त्याने मान खाली घातली. डब्यात मी वटवाघूळ-कवटीच्या मागे सरकलो. मागे सरकायची मला सवय नाही.

छबूबाई गेली त्याच संध्याकाळी अश्विनीने डबा उघडला, माझ्या दातांत वाळलेलं रक्त पाहिलं आणि तिला खरं कळलं. भाकरी थापता थापता ती नवऱ्याला म्हणाली, "अंगठा भरून येईल तुमचा. मामांचं काय?"

"सांगू कसं? त्या खेळण्यापायी कापून घेतलं म्हनून? लोहाराचा पोरगा हाय मी. गाव हसंल."

"गाव हसू द्या. मामा हसायचे बंद झालेत."

आदिनाथ ताटावरून उठला. तरीही आबांना खरं सांगितलं नाही. मला भट्टीत टाकायचं आणि सगळं विसरून जायचं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. त्याने मला डब्यातून काढून बराच वेळ निखाऱ्यांसमोर धरलं होतं. माझे रंग त्या उजेडात काय झळकले म्हणून सांगू! भीती वाटत होती, पण झळकत होतो हे खरं.

खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे भट्टी पेटत नाही, ज्या हत्यारांनी वर्षभर पोसलं त्यांची पूजा होते. अश्विनीने भट्टी झाडून सारवली, पाट मांडला, झेंडूची फुलं ठेवली. ऐरणीला धुऊन पुसून घेतलं. सांडशी, छिन्न्या, घण, एक कोयता, सगळं पाटावर आलं. फक्त आबांचा हातोडा आला नाही. तो दारामागे टेकवलेला होता.

"मामा, हातोडा?" अश्विनीने विचारलं.

"त्याचं काम संपलं. आदिनाथ, आजपून पूजा तू कर. भट्टीबी तूच बघ."

आबा शांतपणे बोलले, पण त्यांनी दाराकडे पाहायचं टाळलं. आदिनाथ उठला. मला वाटलं, हा आता बाहेर निघून जाणार. तो कोपऱ्यात गेला, डबा उघडला आणि आम्हा तिघांना आणून पाटासमोर ठेवलं.

"ह्ये काय?" आबा म्हणाले.

"आबा, अंगठा ह्यानं कापला." त्याने मला पुढे केलं. "कोयत्यानं न्हाई. मी खोटं बोललो."

अखेर माझं श्रेय मला मिळालं! पण आबांनी मला उचललं तेव्हा माझी सगळी ऐट गळून पडली. इतक्या वर्षांत इतक्या जाणत्या हातात मी पडलो नव्हतो. त्यांनी कळ दाबली, नखावर धार पाहिली, दात मोजल्यासारखे चाचपले.

"ही भोकं कशापायी?"

"नुसतीच हायत."

"आन् हा आकडा?"

"गाडीचा पट्टा..." आदिनाथ थांबला. त्याच्या ओठांवर ग्रुपमधली सगळी कारणं आली होती, साप, नारळ, पार्सल. त्याने ती गिळली. "कशालाच न्हाई, आबा. ह्यो काहीच कामाचा न्हाई. मला नुसता लई आवडतो."

लोखंडानं काम करावं, न्हाईतर भट्टीत जावं, हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की आता माझी पाळी आली असं मी धरून चाललो होतो.

"म्हंजी माझी मूठ निसटली नव्हती?" आबांनी विचारलं.

"न्हाई."

"पुन्यांदा सांग."

"तुमची मूठ निसटली नव्हती, आबा. तुमची मूठ कधीच निसटली न्हाई."

आबांनी डोळे पुसले नाहीत. ते तसेच वाहू दिले. मग म्हणाले, "ह्ये छबूबाईला सांग. आत्ताच. सगळ्यांना ऐकू यील असा फोन लाव."

आदिनाथने फोन लावला आणि छबूबाईला सगळं सांगितलं. चाकूचे रंग, कडी, व्हिडिओ, काही लपवलं नाही. पलीकडून मोठ्याने हसू आलं. एकटीचं नाही, तिच्या अंगणात जमलेल्या साऱ्या बायकांचं. आदिनाथ कानापर्यंत लाल झाला. हसू ओसरल्यावर छबूबाई म्हणाली, "बरं झालं बाई. मंग भाऊ, कोयतं कवा देताय?"

"दसरा होऊ दे. मुठी बसवून ठेवतो," आबा म्हणाले. ते दारामागे गेले, हातोडा उचलला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि पाटावर सगळ्यांच्या मधोमध ठेवला. मग हळदकुंकू घेऊन बसले. ऐरणीला लावलं, घणाला लावलं, कोयत्याला लावलं. माझ्यापाशी आल्यावर त्यांचा हात थांबला.

"तुला न्हाई," ते मला म्हणाले. "तू काम केलं न्हाईस." आणि मला पाटासमोरून उचलून आदिनाथच्या हातात दिलं. "ठेव. पन लपवू नको. आवडतंय तर आवडतंय म्हनायचं. माझ्या कामावर ढकलायचं न्हाई."

मित्रांनो, कुंकू मिळालं नाही हे मला क्षणभर लागलं. पण विचार केला, आबांचं चुकलं कुठे? कुंकू कष्टाचं असतं. मला जे मिळालं ते वेगळं होतं. कुणीतरी भर पूजेत, बापासमोर आणि हसणाऱ्या बायकांसमोर, माझी आवड आहे असं कबूल केलं. किती कोयत्यांच्या वाट्याला हे येतं?

तुमच्याही घरात असं काही असेल. बिनकामाचं, पण तुम्हाला फार आवडणारं. ते ठेवा. त्याच्यावर धूळ बसू देऊ नका, तेलाचं बोट फिरवा, आणि माझ्यासारखं असेल तर गरगर फिरवायच्या भानगडीत पडू नका. पण त्याला लपवण्यासाठी दुसऱ्याच्या चांगल्या कामाला बट्टा लावू नका. त्या जखमेवर हळद चालत नाही, हे मी जवळून पाहिलं आहे.

आता मी भट्टीच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला असतो, रांगेने लावलेल्या कोयत्यांच्या शेजारी. वटवाघूळ आणि कवटी घरातल्या फळीवर असतात. हंगामात माणसं येतात, कोयते उचलून बघतात, भाव करतात आणि घेऊन जातात. त्यांची नजर माझ्यावर पडतेच. परवा एका मुकादमाने मला हात लावून विचारलं, "ह्ये काय कापतं, आदिनाथ? केवढ्याला द्यायचं?"

"काय बी कापत न्हाई," आदिनाथ म्हणाला. "आन् विकायचं न्हाई. आपला आवडता हाय त्यो."

त्या सगळ्या भिंतीवर विकायला नसलेलं पातं मी एकटाच आहे.