भिंतीवरचं चुकलेलं घड्याळ

घड्याळजींचा एक नियम होता. नुकतंच दुरुस्त केलेलं घड्याळ लगेच पुन्हा उघडायचं नाही. गिऱ्हाईक कितीही कुरकुरलं तरी ते म्हणायचे, "त्याला जरा बसू द्या, आपोआप ठीक चालेल." बरीचशी घड्याळं चालतही. जी चालत नसत त्यांचे मालक कंटाळून दुकानाची पायरी चढायचे बंद होत, त्यामुळे नियम कधी खोटा पडला नाही.

उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढल्यावर त्यांनी हाच नियम डोळ्याला लावला आणि तिथेच घोड्याने पेंड खाल्ली.

ऑपरेशन झकास झालं होतं. पट्टी निघताच त्यांना बायकोच्या हनुवटीवरचा तीळ दिसला आणि तो दिसतोय हे तिला सांगायची दुर्बुद्धीही झाली. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं की थेंब वेळेवर घाला, डोळ्याला हात लावू नका, आणि घड्याळं दुरुस्त करायचं ते भिंग तर मी सांगेपर्यंत नाहीच. पण भिंग धरायचं ते उजव्याच डोळ्याच्या खोबणीत. डावा डोळा जन्माचा आळशी, त्याला मनगटावरच्या घड्याळाचा स्क्रू कुठला दिसायला! उजवा डोळा म्हणजे घड्याळजींचं पोट होतं. त्यामुळे बायको बाजारात गेली रे गेली की घड्याळजी खणातून भिंग काढायचे, सदऱ्याच्या टोकाला पुसायचे आणि डोळ्यात अडकवायचे. त्या भिंगाच्या काठावर तेलाची आणि घामाची पुटं चढलेली होती. पण जित्याची खोड!

मग एका सकाळी डोळा लालभडक झाला, आतून ठणकू लागला आणि समोर धुकं आलं. घड्याळजींनी काळा चष्मा चढवला आणि स्वतःला सांगितलं, बसू दे जरा. खरं तर त्यांची पाचावर धारण बसली होती. डोळा गेला तर बायकोची बोलणी खावी लागणार, आणि वाचला तरी भिंगापायी खावी लागणारच होती.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या चहानंतर बायको दुकानात त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"चष्मा काढा. डावा डोळा झाका. आता सांगा, भिंतीवरच्या घड्याळात किती वाजलेत?"

चहा नुकताच झालेला. घड्याळजींनी मनात हिशेब केला. "सव्वाचार."

"दिसतंय ना नक्की?"

"अगं, लख्ख दिसतंय!"

"मी मघाशी स्टुलावर चढून त्यात नऊ लावलेत," बायको म्हणाली. "तुमच्या दुकानात घड्याळ चुकलं आणि तुम्हाला कळलं नाही. उठा."

डॉक्टरबाईंनी यंत्रातून डोळ्यात पाहिलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "डोळ्याच्या आत जंतू शिरलेत. खाली पू साचलाय. कधीपासून दुखतंय?"

"आजच जरा..."

"काल सकाळपासून चष्मा लावून बसलेत," बायको म्हणाली.

"भिंग लावलं होतंत?"

घड्याळजींनी बायकोकडे पाहिलं. "एकदाच."

"खरं सांगा."

"रोज एकदाच."

बायकोने डोळे मिटून घेतले.

"एखादी गोळी द्या ना," घड्याळजी घाईघाईने म्हणाले. "मग आठवडाभर बसू देऊ."

"गोळीचं औषध रक्तातून फिरतं. डोळ्याच्या आत ते पुरेसं पोचत नाही. बाहेरून तेल चोपडून तुमचं आतलं चाक फिरतं का?"

"नाही," घड्याळजी हळूच म्हणाले. "मागचं झाकण उघडावं लागतं."

"तसंच समजा. सुईने आतलं थोडं पाणी काढून तपासायला पाठवू आणि सुईनेच औषध थेट डोळ्यात सोडू. आत्ताच. उद्यापर्यंत थांबलो तर नजर हातची जाईल."

"आत्ता केलं तर वाचेल?"

"आशा आहे. शब्द देत नाही."

आयुष्यभर दुसऱ्यांना धीर धरायला सांगणारा हा माणूस, पण स्वतःजवळ चिमूटभर धीर नव्हता.

बायकोला बाहेर थांबवलं, तर तिने दाराआडूनच भिंगाचा उद्धार सुरू केला. भूल डोळ्याला दिली होती, कानांना नव्हे. पण आज तो आवाज ऐकून त्यांना बरं वाटलं. सुई जवळ आली तेव्हा तो अचानक थांबला आणि मग मात्र त्यांना फार भीती वाटली.

तपासणीत जंतू सापडला. पुढे आणखी एक सुई झाली, थेंब तर दिवसभर चालूच. ठणका गेला, पण नजरेचं कुणी काही सांगेना. चहानंतर रोज डावा डोळा झाकायचा आणि बायकोने विचारायचं, किती वाजले?

"दिसत नाही," घड्याळजी आता खरं सांगत. पुढे नुसता पांढरा गोल दिसू लागला. मग त्यात काहीतरी काळपट. बायको यावर चकार शब्द काढत नसे, आणि तिचं गप्प राहणं त्यांना सुईपेक्षा जास्त टोचायचं.

एका संध्याकाळी चहाला उशीर झाला. त्यांनी डोळा झाकला, तेवढ्यात दुकानभर पाचचे ठोके पडू लागले.

"किती वाजले?"

"ठोके पडतायत की..." घड्याळजी भिंतीकडे बघत थबकले आणि एकदम उसळले. "अगं, हे काय? हे पाचला सात कमी दाखवतंय! कुणी हात लावला याला? माझ्या दुकानात मागे पडलेलं घड्याळ? लोक तोंडात शेण घालतील माझ्या! रोज तू इथे बसतेस, तुला दिसत नाही?"

बायको मटकन स्टुलावर बसली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली.

"अगं, असं काय करतेस? मी आपलं नुसतं..."

"रोज मीच चुकवून ठेवत होते," ती हुंदके देत म्हणाली. "थांबू नका हो. आणखी ओरडा."