बायजाबाई लग्नाला गेली तो दिवस

सिस्टर हिल्डा बेल्जियमहून नागपुरात आली तेव्हा सव्वीस वर्षांची होती. आता तिला बहात्तरावं लागलं होतं. कळमन्याच्या पलीकडे, धान्याचे ट्रक ओळीनं उभे असतात त्या रस्त्याच्या टोकाला मिशनचं कुष्ठधाम होतं, आणि तिचं सगळं आयुष्य तिथंच गेलं. पहाटे साडेचारला प्रार्थना, मग काळा चहा, मग जखमा धुणं आणि पट्ट्या बांधणं. ऊन चढायच्या आत ती चपलांच्या खोलीत बसायची.

चपला हे तिचं खरं काम. गोळ्यांनी रोग बरा होतो, पण सुन्न झालेले पाय सुन्नच राहतात. काच रुतली तरी कळत नाही. म्हणून प्रत्येकाच्या मापाची, जाड मऊ रबराच्या तळाची, मागून पट्टा असलेली काळी चप्पल ती स्वतः बनवायची. गुडघे टेकून, पाय कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवायची. बायजाबाईच्या पायाला काडीचीही संवेदना नव्हती, तरी ती दरवेळी पाय मागे घ्यायची. "गुदगुल्या होतेत वं!" म्हणायची आणि खदखदून हसायची.

या बायजाबाईनंच सिस्टरला मराठी शिकवली होती. सिस्टर आली त्याच्या पुढच्याच वर्षी नवऱ्यानं तिला फाटकाशी आणून सोडलं, तेव्हा तिचा धर्मेंद्र तीन वर्षांचा होता. सुरुवातीच्या उन्हाळ्यांत सिस्टर दोन-तीनदा चक्कर येऊन पडली, तेव्हा वाकड्या बोटांनी कैरी कुस्करून तिला पन्हं पाजलं ते बायजाबाईनंच. म्हणून सिस्टर जी मराठी बोलायची ती बायजाबाईचीच होती.

बाप गेल्यावर धर्मेंद्र आईला भेटायला येऊ लागला. वर्षातून एकदा, कधी दोनदा. आत यायचा नाही, फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली उभा राहायचा. मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी लागली, शहराच्या दुसऱ्या टोकाला बेसाला फ्लॅट घेतला, हे त्यानंच सांगितलं. आई मेली असं आपण बायकोला सांगून ठेवलंय, हेही एकदा मान खाली घालून सांगितलं. गेली सहा वर्षं तो फिरकला नव्हता.

मेच्या शेवटी ड्रेसिंगला मदत करणाऱ्या वंदनानं बातमी आणली. ती बेसालाच राहायची. धर्मेंद्रच्या मुलीचं, भूमिकाचं लग्न होतं, वंदनाच्या घरामागच्याच लॉनवर. मोठं फ्लेक्स लागलं होतं.

बायजाबाई त्या दिवशी जेवली नाही. संध्याकाळी ती चपलांच्या खोलीत आली.

"सिस्टर, मले नातीच्या लग्नाले घेऊन चाल."

"नवतपा सुरू हाय वं," सिस्टर म्हणाली. "शेहेचाळीस डिग्री हाय. पाऊस पडला का मी सोता तुले नेतो."

"पावसात लग्न परत लागन का?"

सिस्टर रबर कापत राहिली. खरं कारण ऊन नव्हतं. बिनपत्रिकेच्या म्हातारीला चारचौघांत हाकलून देतील, ते तिला पाहवलं नसतं. पण हे तोंडावर कसं सांगायचं? बायजाबाई निघून गेली.

लग्नाच्या दिवशी अकराच्या सुमाराला तिची खाट रिकामी दिसली. वंदना स्कूटरवरून बेसाला धावली, पण लॉनवर आठशे माणूस होतं. तिला काही बायजाबाई सापडली नाही. सिस्टर फाटकात खुर्ची टाकून बसली. वर टिनाचं छप्पर तापत होतं, पण तिनं जागा सोडली नाही.

पाच वाजता बायजाबाई आली. अंगावर ठेवणीतलं हिरवं लुगडं, चेहरा उन्हानं काळवंडलेला आणि डोळे नुसते चमकत होते.

"पाह्यली वं मी! पिवळा शालू, नाकात नथ. माह्या सासूसारखं नाक हाय. मांगच्या लाइनीत बसली होती मी, हात पदराखाली. एका बाईनं इचारलं, कोणाकडच्या? म्या म्हटलं, नवरदेवाकडची." ती हसली. "अक्षता टाकल्या. जेवण नाही केलं, बोटं दिसली असती."

सिस्टरनं तिला धरून आत आणलं आणि मागं वळून पाहिलं. फरशीवर बायजाबाईच्या पावलांचे ओले, लालसर ठसे उमटले होते. तळवे भाजून कातडी सुटून आली होती. बसस्टॉपपासून लॉनपर्यंत दीड किलोमीटर सिमेंटचा रस्ता, भर दुपारी, जाताना आणि येताना. तिला काहीच कळलं नव्हतं. चपला पिशवीत होत्या, कागदात गुंडाळलेल्या.

"चपला काहून काढल्या वं?" सिस्टर ओरडलीच.

बायजाबाई ओशाळली. "त्या चपला पाह्यल्या का सारे ओळखतेत. महारोग्याची चप्पल. पोरीच्या लग्नात कशाले?" मग सिस्टरचा चेहरा पाहून घाईनं म्हणाली, "चांगल्या हायेत वं चपला. लय मऊ हायेत."

सिस्टर खाली बसली. इतकी वर्षं तिनं रबराची जाडी पाहिली, पट्ट्याचा ताण पाहिला. ती चप्पल घालून माणूस बाजारात उभा राहिला की लोक आधी त्याच्या पायांकडे बघतात, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं.

जखमा चिघळल्या. मोठ्या दवाखान्यात हलवलं, तोवर विष रक्तात भिनलं होतं. पुढचे अठरा दिवस सिस्टर रोज उशाशी बसायची आणि बायजाबाई तापात रोज लग्न सांगायची. दर दिवशी त्यात थोडी भर पडायची. कधी घोडा यायचा, कधी वाजंत्री. एकदा तर भूमिका येऊन पाया पडून गेली. सिस्टरनं तिचं बोलणं कधी खोडलं नाही.

एका सकाळी सिस्टर म्हणाली, "बायजा, ऊन नव्हतं वं कारण. मले भेव वाटलं, तुले हाकलून देतीन."

"मालूम होतं मले," बायजाबाई म्हणाली. "मराठी म्याच शिकवली तुले. खोटं बोलाचं शिकवलंच नाही."

एकोणिसाव्या दिवशी दुपारी ती गेली.

वंदनानं कळवल्यावर धर्मेंद्र घाटावर आला, एकटाच. अग्नी दिला. मग सिस्टरजवळ येऊन हळूच विचारलं, "लग्नाले आली होती?"

"हो."

तो पायरीवर बसला तो किती तरी वेळ उठलाच नाही. सिस्टरनं त्याला ऐकवायला कितीतरी मनात जुळवून ठेवलं होतं. पन्नाशीला आलेल्या त्या माणसाचे खांदे गदगदताना पाहून ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली. त्या रात्री तिला प्रार्थनाही करता आली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी फाटकाशी एक मुलगी आली. हातात हिरवा चुडा, गळ्यात नवं मंगळसूत्र. कडुनिंबाखाली न थांबता ती सरळ आत, चपलांच्या खोलीपर्यंत आली.

"मी भूमिका. बाबांनी काल सांगितलं. मला वाटायचं, आजी माझ्या जन्माआधीच वारली." तिनं मोबाइल पुढे केला. "लग्नाचा सगळा व्हिडिओ पाहिला मी रात्री. ही आहे का?"

मंगलाष्टकं चालू होती. गर्दीच्या अगदी मागं हिरव्या लुगड्यातली म्हातारी उभी होती. अक्षता टाकायला तिनं हात वर केला आणि पदर गळून पडला. वाकडी बोटं उघडी, भर मांडवात. तिला त्याचं भान नव्हतं. आणि आसपासच्या कोणाचंही लक्ष नव्हतं. सगळे नवरीकडे बघत होते.

"हीच हाय," सिस्टर म्हणाली, आणि मोबाइल परत पुढे केला.

भूमिकानं तो तिच्या हातातून घेतला. रबराचे तुकडे बाजूला सारून ती जमिनीवरच बसली. "कशी होती ती?"

सिस्टरनं डोळे पुसले. पुन्हा भरून आले तसे तिनं ते पुसायचं सोडून दिलं, आणि बायजाबाईला नवरा फाटकाशी सोडून गेला त्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली.