टेबलाखालचा हात

चौथ्या बुधवारी भेटीच्या खोलीत ठिपकी शाळेतल्या सशाबद्दल सांगत होती आणि वाक्य अर्ध्यावर टाकून गप्प झाली. झालं ते एवढंच. नाकावर तीळ म्हणून ठिपकी, वय वर्षं सात. दोन्ही हात डोक्यावर धरून सशाचे कान करून दाखवत होती, ते कान तसेच खाली आले. शेजारी बसलेला बाप हसून म्हणाला, "मग? कुठे गेला ससा?" पोर टेबलाकडे बघत राहिली. कोपऱ्यात वही घेऊन बसलेल्या बाईचं पेन मात्र थांबलं, कारण तिच्या डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी आपोआप एकमेकांवर दाबली गेली होती, नखं पांढरी पडेपर्यंत.

या बाईला वर्गात सगळे इस्त्री म्हणत. अठरा वर्षं लाँड्रीत दुसऱ्यांच्या शर्टांच्या सुरकुत्या काढून झाल्यावर, चाळिशीच्या तोंडावर तिने समाजसेवा आणि समुपदेशनाच्या पदवीला नाव घातलं होतं. वर्गातली पोरं तिच्या मुलीपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी, बस्स. त्यांनी टोपणनाव ठेवलं, तिने ते मिरवलं. "या रे चुरगळून, मी आहेच," म्हणायची. शेवटच्या वर्षी चारशे तास प्रत्यक्ष काम करावं लागतं, त्यातले शेवटचे साठ ती या केंद्रात भरत होती. कोर्टाने घरातून काढलेली मुलं इथे आठवड्यातून एक तास आईला नाहीतर बापाला भेटतात, आणि कुणीतरी कोपऱ्यात बसून सगळं लिहून घेतं. सहा भेटींच्या नोंदी कोर्टात जातात. ठिपकी आजीकडेच राहणार की बापाच्या घरी परत जाणार, हे त्या वहीवर ठरायचं होतं.

केंद्राच्या प्रमुख बाईंचा नियम एकच: डोळ्यांना दिसलं ते लिहा, मनाला वाटलं ते घरी ठेवा. नियम चांगलाच. कुणाच्या मनाला काय वाटेल याचा नेम नसतो, आणि वाटण्यावर कुणाचं मूल काढून घेता येत नाही. पण या बापापुढे नियमाने हात टेकले होते. ठिपकीची आई वारल्यावर आजीने तक्रार केली की पोरीच्या अंगावर डाग असतात. बाप म्हणाला, डाग म्हातारीच पाडते. चष्म्याच्या दुकानात विक्रेता होता तो, तोंडात साखर घेऊनच जन्मलेला. येताना रंगीत खडू आणायचा, जाताना खुर्च्या सरळ करायचा. "ताई, पंखा लावू का तुमच्या बाजूचा?" असं इस्त्रीला विचारायचा. वरून कीर्तन, आतून तमाशा. आणि खोलीतला कॅमेरासुद्धा टेबलाच्या वरचंच बघायचा.

घरी ती नोंदी हाताने लिहून आणायची आणि मुलगी त्या संध्याकाळी कॉम्प्युटरवर उतरवायची. मुलगी सतरा वर्षांची, बोटं विजेसारखी. आईचं एक अक्षर सापडेपर्यंत हिचं पान व्हायचं.

"'चार वाजून वीस मिनिटं. मुलगी सशाबद्दल बोलता बोलता थांबली. त्यानंतर वडील हसून म्हणाले, मग, कुठे गेला ससा.' पुढे?"

"पुढे काही नाही." इस्त्री कणीक मळत होती. "त्याने चिमटा काढला गं तिला. टेबलाखालून. गुडघ्याच्या वर."

मुलीची बोटं थांबली. "ते लिहू?"

"नको. दिसलं नाही मला."

"मग कळलं कसं?"

इस्त्री कणीक मळतच राहिली. चोराची पावलं चोराला ठाऊक, हे पोटच्या पोरीला कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि सांगायला हवं होतं कुठे! नवरा सोडून गेला त्या वर्षापासून तिचा हात सुटला होता. घरात मारायची ते उघड मारायची, लाटण्याने, पट्ट्याने, हाताला लागेल त्याने. पण शाळेत, दवाखान्यात, शेजारणीसमोर पोरगी नको ते बोलायला लागली की चिमटा. दोन बोटांत मऊ मांस धरायचं आणि किल्ली फिरवावी तसं फिरवायचं. एके दिवशी तिने दहा वर्षांच्या पोरीचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. तीन टाके पडले. डॉक्टरला म्हणाली, पडली. पोरगीही म्हणाली, पडले. त्या 'पडले'ने ती हादरली आणि दुसऱ्या दिवशी एका समुपदेशक बाईंच्या दारात जाऊन बसली. सात वर्षं झाली, हात उगारला नव्हता. कुठे नोंद नाही, त्या बाईंखेरीज कुणाला पत्ता नाही. प्रवेशाच्या फॉर्मवर 'आपण कधी लहान मुलाला इजा केली आहे का?' या प्रश्नापुढे तिने 'नाही' लिहिलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"तुझा क्रम चुकलाय," मुलगी पडद्याकडे बघत म्हणाली.

"कसला क्रम?"

"ती थांबली, मग तो हसला, असं लिहिलंयस. उलटं असतं ते. आधी हसणं. तू आधी समोरच्या माणसाकडे बघून हसायचीस, मग चिमटा काढायचीस. मी चिमट्याला नाही भ्यायचे, आई. हसण्याला भ्यायचे. चिमटा आला की उलट सुटल्यासारखं वाटायचं." तिने पडद्यावरच्या त्या दोन ओळींवर बोट ठेवलं आणि विचारलं, "पुढच्या वेळी नीट बघशील?"

इस्त्रीचे हात परातीतच राहिले. लाज वाटली, इतकी की मान वर करवेना.

पाचव्या बुधवारी तिने ठिपकीकडे बघितलंच नाही, बापाच्या तोंडाकडे बघत बसली. चार वाजून नऊ मिनिटं. ठिपकी म्हणाली, "बाबा, घरी असताना तुम्ही ते..." बाप इस्त्रीकडे वळून छान हसला. पोरीचं वाक्य तिथेच मेलं, डावा खांदा कानापर्यंत चढला. इस्त्रीने लिहिलं: हसले, मग थांबली. चार वाजून सव्वीस. आजीचा विषय निघाला, बाप हसला, पोर थांबली. लिहिलं. तिसऱ्यांदा तो हसला तेव्हा पेन खाली पडलं होतं आणि ती उठली होती.

नियमाप्रमाणे घंटा दाबायची होती. तिने घंटा दाबली नाही. टेबलाखाली हात घालून तिने त्याचं मनगट धरलं आणि वर खेचलं. ठिपकी किंचाळली, कारण त्याच्या बोटांत अजून तिचं मांस होतं. क्षणभर तो हसतच राहिला, चेहऱ्याला निरोप पोचायला वेळ लागला. मग त्याने इस्त्रीचे केस धरले आणि तिचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. नाकाचं हाड मोडलेलं तिला ऐकू आलं. "दीडदमडीची शिकाऊ! माझ्या पोरीला हात लावतेस?" ती खाली पडली तशी त्याने बरगडीत लाथ घातली, आणखी एक घातली, तिसरी पोटात. तोंडात रक्त भरलं.

चौथी लाथ आली तो पाय तिने धरला. अठरा वर्षं जड इस्त्री फिरवलेले हात ते. तो आडवा झाला, ती त्याच्या छातीवर बसली, आणि त्याच्याच आवडत्या पद्धतीने तिने त्याचं डोकं फरशीवर आपटलं. खोटं कशाला बोला, बरं वाटलं. सात वर्षांची भूक होती ती. त्याच्या डोक्यातून रक्त आलं तेव्हा आणखी बरं वाटलं, आणि तिने डोकं दुसऱ्यांदा उचललं.

ठिपकी भिंतीला चिकटून उभी होती. बापाकडे ती बघत नव्हती. ती इस्त्रीच्या तोंडाकडे बघत होती, आणि तेव्हा इस्त्रीला कळलं की आपण दात दाखवून हसतोय.

तिने डोकं सोडून दिलं. त्याने लगेच गुद्दा मारून तिचा ओठ फाडला, पण तेवढ्यात पहारेकरी आत आला आणि बापाला उचलून बाहेर घेऊन गेला.

प्रमुख बाईंनी आधी ठिपकीचा फ्रॉक गुडघ्याच्या वर उचलून पाहिलं. निळे डाग, हिरवे डाग, पिवळे पडलेले जुने डाग. पोरीला आजीच्या हवाली केल्यावर त्यांनी इस्त्रीला बर्फ दिला आणि समोर बसल्या.

"तो बाहेर ओरडतोय की डाग आजीचेच आहेत आणि तुम्ही विनाकारण अंगावर गेलात. कॅमेऱ्यात काय दिसणार? बाप हसतोय आणि तुम्ही धावून जाताय. टेबलाखालचं तुम्हाला दिसणं शक्यच नव्हतं. त्याचा वकील हेच विचारेल. काय ओळखलंत, कसं ओळखलंत?"

"अंदाज आला," एवढं म्हटलं असतं तर पदवी वाचली असती. ती वाट सरळ होती, आणि त्या वाटेच्या टोकाला ठिपकी बापाच्या घरी होती.

"पाचही भेटींचं चित्रीकरण काढा," इस्त्री म्हणाली. "प्रत्येक वेळी तो आधी हसतो, मग ती थांबते. एकदाही उलट होत नाही. मला माहीत आहे, कारण मी माझ्या मुलीला असंच करायचे. चार वर्षं."

प्रमुख बाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "हे लेखी दिलंत तर उद्या विद्यापीठाला कळवावं लागेल मला. तुम्ही फॉर्मवर खोटं लिहिलंय."

"हो. लेखीच देते."

"पदवी जाईल, बाई."

"जाऊ दे," ती म्हणाली आणि मग रडली, कारण जाऊ दे म्हणायला सोपं असतं. चार वर्षांच्या अभ्यासावर पाणी पडत होतं आणि तिला ते सोसवत नव्हतं.

घरी मुलीने दार उघडलं, आईचं सुजलेलं तोंड बघितलं आणि काही न विचारता कॉम्प्युटर सुरू केला. इस्त्रीने सांगितलं, तिने उतरवलं. लाटणं, पट्टा, चिमटा, दाराची चौकट, तीन टाके. टाक्यांपाशी मुलगी थांबली, केसांतून बोट फिरवून घेतलं आणि म्हणाली, "पाच होते." आईने मान हलवली. तिने पाच केले.

शेवटी प्रिंटरमधून तीन पानं आली. इस्त्रीने सही केली. मुलीने पानं सरळ केली, पाकिटात घातली, आणि पहिल्यांदाच म्हणाली, "बरं केलंस."

फाटलेल्या ओठांनी इस्त्री हसायला गेली. समोर पोरीचा डावा खांदा अर्धा वर चढला. सात वर्षांत किती वेळा चढला असेल, आईने बघितलंच नव्हतं. इस्त्रीने हसू गिळलं आणि मान खाली घातली.

"असं नको करू," मुलगी म्हणाली. ती खुर्ची ओढून आईच्या अगदी समोर बसली. "दोन्ही हात टेबलावर ठेव. हं. असेच राहू देत. आता हस."